कापोसी सार्कोमा : विषाणुजन्य त्वक्-कर्काचे प्रकार, प्रसार आणि ठाणे-कल्याण परिसर

रोगाची विरळता ही पुष्कळदा केवळ एक आकडा म्हणून नोंदली जाते. तिचे कारण क्वचितच विचारले जाते. वस्तुतः एखादा रोग एका प्रदेशात विपुल आणि दुसऱ्या प्रदेशात दुर्मिळ का, ह्या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा केला तर त्या रोगाच्या उत्पत्तीवरच प्रकाश पडण्याचा संभव असतो. कापोसी सार्कोमा ह्या, मुख्यतः त्वचेवर प्रकट होणाऱ्या कर्करोगाच्या बाबतीत नेमके असेच घडले. त्याच्या भौगोलिक वाटणीतील विषमतेनेच संशोधकांस प्रथम एका अज्ञात संसर्गाची शंका घेण्यास भाग पाडले आणि पुढे तो संसर्ग सापडला.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दाट वस्तीच्या परिसराच्या दृष्टीने हा रोग दोन कारणांनी विचारार्ह ठरतो. हा रोग ज्या परिस्थितीत फोफावतो तिच्यापैकी एक घटक, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग, ह्या परिसरात कित्येक वर्षांपासून आहे. तरीही रोग क्वचितच आढळतो, हे पहिले कारण. तो क्वचितच आढळत असल्यामुळे, आढळला तरी ओळखला न जाण्याचा धोका राहतो, हे दुसरे. ही दोन्ही कारणे परस्परांशी निगडित आहेत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

रोगाचे स्वरूप

मोरिझ कापोसी (१८३७–१९०२) हे व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी १८७२ मध्ये पाच रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करून त्वचेवर अनेक ठिकाणी एकाच वेळी उद्‌भवणाऱ्या, रंगयुक्त गाठींच्या ह्या विकाराचे प्रथम वर्णन केले. पुढे त्यांचेच नाव ह्या रोगास मिळाले. हा रोग त्वचेवर दिसतो खरा. परंतु त्याचा उगम त्वचेच्या बाह्य थरातील पेशींत नसून रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या ह्यांच्या आतील अस्तराच्या पेशींत आहे. ह्या पेशी लांबट, चातीच्या आकाराच्या होऊन वाढू लागतात. त्यांच्या दरम्यान अर्धवट बनलेल्या वाहिन्यांच्या फटी निर्माण होतात आणि त्या फटींतून रक्तपेशी बाहेर झिरपतात. गाठींना जांभळट किंवा तपकिरी छटा येते ती ह्यामुळेच.

त्वचेवरील विकृतीच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. प्रारंभी सपाट डाग, नंतर किंचित उंचावलेला चट्टा आणि शेवटी गाठ. एकाच रोग्याच्या अंगावर तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसू शकतात. पाय, चेहरा, नाकाचे टोक आणि मुखातील टाळू ही ह्या रोगाची आवडती स्थाने होत. रोग बळावल्यास लसीकाग्रंथी, आतडी आणि फुप्फुसे ही इंद्रियेही त्याच्या कक्षेत येतात, आणि फुप्फुसांतील रोग प्राणघातक ठरू शकतो.

रोगाचे चार प्रकार

ऊतकपरीक्षेत सर्वत्र सारखाच दिसणारा हा रोग ज्या व्यक्तींस होतो त्या व्यक्तींच्या परिस्थितीवरून त्याचे चार प्रकार मानले जातात.

पहिला प्रकार अभिजात होय. कापोसी यांनी वर्णिलेला हाच. भूमध्य समुद्राच्या काठचे प्रदेश आणि पूर्व युरोप येथील वृद्ध पुरुषांत तो प्रामुख्याने आढळतो. त्याच्या गाठी बहुधा पायांवर येतात, संथपणे वाढतात, आणि पुष्कळ रोगी दीर्घकाळ जगून अखेर दुसऱ्याच कारणाने मृत्यू पावतात.

दुसरा प्रकार आफ्रिकेतील प्रदेशनिष्ठ रोगाचा. पूर्व व मध्य आफ्रिकेत, एचआयव्हीच्या पुष्कळ आधीपासून, हा रोग तरुण प्रौढांत व बालकांतही आढळत असे. बालकांमध्ये तो त्वचेपेक्षा लसीकाग्रंथींतच पसरतो आणि झपाट्याने घातक ठरतो. १९६१ मध्ये युगांडातील कंपाला येथे केवळ ह्याच रोगाच्या विचारार्थ आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. त्या प्रदेशात रोगाचे प्रमाण किती लक्षणीय होते ह्याची त्यावरून कल्पना येते.

तिसरा प्रकार उपचारजन्य. मूत्रपिंडासारखे इंद्रिय दुसऱ्याच्या शरीरातून रोपण केल्यावर ते शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारक्षमता दडपणारी औषधे द्यावी लागतात. अशा रोग्यांत हा सार्कोमा उद्‌भवल्याची नोंद १९६९ पासून आहे. ह्या प्रकाराचा एक विशेष असा की, औषधांची मात्रा घटवली किंवा औषध बदलले तर गाठी आपोआप विरून जाऊ शकतात. २००५ मध्ये इटलीतील संशोधकांनी मूत्रपिंडरोपण झालेल्या पंधरा रोग्यांचे सायक्लोस्पोरिन थांबवून त्यांस सिरोलिमस दिले; तीन महिन्यांत सर्वांच्या त्वचेवरील विकृती नाहीशा झाल्या. एक कर्करोग केवळ प्रतिकारशक्तीचा तोल सावरल्याने मागे हटावा, ही गोष्ट ह्या रोगाच्या स्वरूपाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

चौथा प्रकार एड्सशी संलग्न असलेला, म्हणजेच साथीच्या स्वरूपाचा. जुलै १९८१ मध्ये अमेरिकेतील साप्ताहिक आरोग्यवृत्तात न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील २६ समलिंगी तरुण पुरुषांस हा वृद्धांचा समजला जाणारा रोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. एड्सच्या आगमनाची जी पहिली चिन्हे जगास दिसली त्यांपैकी हे एक होय. अलीकडे एचआयव्हीचा संसर्ग नसलेल्या समलिंगी पुरुषांतील सौम्य रोगास पाचवा प्रकार मानावा असेही सुचविण्यात आले आहे.

विषाणूचा शोध

चार प्रकारांतील रोगी वेगळे, खंड वेगळे, वय वेगळे. पण ऊतकाचे चित्र एकच. ह्या कोड्याची उकल रोगपरिस्थितिविज्ञानाने, म्हणजे रोगाच्या लोकसमूहांतील वाटणीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने केली. १९९० मध्ये व्हॅलेरी बेरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एड्सच्या रोग्यांची तुलना मांडली. एचआयव्हीचा संसर्ग समलिंगी संबंधांतून झालेल्या पुरुषांत कापोसी सार्कोमाचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. हाच संसर्ग रक्तघटकांतून झालेल्या हिमोफिलियाच्या रोग्यांत ते अवघे १ टक्का होते. दोन्ही गटांत एचआयव्ही तोच आणि प्रतिकारक्षमतेचा ऱ्हासही तसाच. तेव्हा ह्या तफावतीस एचआयव्ही जबाबदार असू शकत नाही; एका गटात पसरलेला आणि दुसऱ्यात न पसरलेला असा आणखी एखादा जंतू असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले.

चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी एका एड्सच्या रोग्याच्या सार्कोमातील व त्याच्याच निरोगी ऊतकातील डीएनएची तुलना करून, रोगग्रस्त ऊतकातच आढळणारे एका नव्या हर्पिस-विषाणूचे अंश वेगळे काढले. हा मानवी हर्पिस-विषाणू-८ होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये त्यास संभाव्य कर्ककारकांच्या वर्गात आणि २००९ च्या पुनर्विचारात निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या वर्गात घातले. ह्याच दोघांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये मर्केल-पेशींच्या त्वक्-कर्काशी संबंधित असा दुसरा विषाणूही शोधून काढला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

हा विषाणू शरीरात शिरला की जन्मभर राहतो. बहुतेक काळ तो सुप्त असतो. ह्या अवस्थेत त्याचे लाना नावाचे प्रथिन विषाणूच्या डीएनएस पेशीच्या गुणसूत्राशी बांधून ठेवते, त्यामुळे पेशी दुभंगली तरी विषाणू दोन्ही कन्यापेशींत पोहोचतो. त्याची इतर काही प्रथिने पेशीच्या विभाजनास चालना देतात आणि तिचा नैसर्गिक मृत्यू टाळतात. निरोगी शरीरातील प्रतिकारक पेशी अशा पेशींवर नियंत्रण ठेवतात. म्हणूनच विषाणू बाळगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांस रोग कधीच होत नाही. सारांश, रोगासाठी दोन गोष्टी लागतात : विषाणूची उपस्थिती आणि नियंत्रणाचे शैथिल्य. पहिली अपरिहार्य आहे, पण पुरेशी नाही.

वाटणीचा नकाशा

विषाणूच्या प्रतिपिंडांची रक्तात चाचणी घेऊन जगाचा जो नकाशा सिद्ध झाला तो रोगाच्या नकाशाशी बहुतांशी जुळतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या अनेक भागांत निम्म्याहून अधिक प्रौढांत प्रतिपिंडे सापडतात. भूमध्य प्रदेशाच्या काही भागांत २० ते ३० टक्के. उत्तर युरोप, उत्तर अमेरिका व आशियाचा बहुतेक भाग येथे सर्वसाधारण लोकांत १० टक्क्यांहून कमी. आशियातही अपवाद आहेच : चीनच्या शिनजियांग प्रांतात विषाणूही अधिक आढळतो आणि अभिजात प्रकारचा सार्कोमाही. म्हणजे प्रश्न खंडाचा किंवा वंशाच्या नावाचा नसून विषाणूच्या वस्तीचा आहे. प्रसार मुख्यतः लाळेतून होतो. ज्या प्रदेशांत विषाणू रुळलेला आहे तेथे बालपणी कुटुंबातच संसर्ग होतो.

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी ह्या रोगाचे सुमारे ३४,००० नवे रोगी झाले आणि सुमारे १५,००० मृत्यू घडले. त्यांपैकी बहुतांश आफ्रिकेतील होते. एचआयव्हीचा प्रसार तेथेही मुख्यतः स्त्रीपुरुष-संबंधांतून झाला. म्हणून, भारतात एचआयव्ही त्याच मार्गाने पसरला असल्यामुळे हा सार्कोमा येथे कमी आहे, हे कधीकधी दिले जाणारे स्पष्टीकरण अपुरे ठरते. मार्ग तोच असूनही आफ्रिकेत रोग विपुल आहे, कारण दुसरा विषाणू तेथे आधीपासूनच घरोघर होता.

ठाणे-कल्याण परिसराचे स्थान

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम मद्रास येथे उघडकीस आला. त्यानंतरच्या दशकात मुंबई आणि तिच्या उत्तर-पूर्वेकडे रेल्वेमार्गाने जोडलेली शहरे ह्यांत त्याचा प्रसार देशातील सर्वांत गंभीर प्रसारांपैकी एक होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ च्या सुमारास, जिल्ह्यांची जी वर्गवारी झाली तीत ठाणे जिल्हा अग्रक्रमाच्या ‘अ’ वर्गात होता. पालघर जिल्हा तेव्हा त्यातून वेगळा झालेला नव्हता. तरीही एड्सशी संलग्न कापोसी सार्कोमाची भारतातील पहिली प्रसिद्ध नोंद १९९३ मधील आहे. ती मुंबईची असून एका स्त्री-रुग्णाची आहे. त्यानंतरच्या भारतीय नोंदी मुख्यतः एकेका रोग्याच्या वृत्तांताच्या रूपानेच विखुरलेल्या आहेत.

ह्या विसंगतीचा उलगडा वरील विवेचनात आहे. नियंत्रणाचे शैथिल्य येथे होते. परंतु विषाणूची वस्ती विरळ होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेतही भारतासह दक्षिण व आग्नेय आशियातील देशांत प्रतिपिंडांचे प्रमाण आफ्रिकेच्या मानाने फारच कमी आढळले होते. हिमोफिलियाच्या अमेरिकन रोग्यांत जे घडले तेच येथे एका संपूर्ण प्रदेशाच्या प्रमाणावर घडले, असे म्हणता येईल.

मात्र ‘विरळ’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे, आणि विरळ रोगाची मोजणी करताना दोन सावधगिऱ्या बाळगणे अवश्य आहे.

पहिली सावधगिरी लहान संख्यांची. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार होती. म्हणजे दोहोंची मिळून सुमारे ३१ लाख. केवळ उदाहरणादाखल असे धरले की, रोगाचे वार्षिक प्रमाण दहा लाखांत एक आहे, तर ह्या परिसरात वर्षास सुमारे तीन रोगी अपेक्षित होतील. आणि पॉयसाँच्या वाटणीनुसार एकही रोगी न आढळणारे वर्ष वीसांतून एखादेच येईल. परंतु प्रमाण एक कोटीत एक धरले, तर अपेक्षित संख्या ०·३ होते आणि चारांपैकी जवळजवळ तीन वर्षे रोग्याविना जातात. तेव्हा एखाद्या रुग्णालयात कित्येक वर्षे एकही रोगी न आढळणे आणि दहा वर्षांत परिसरात तीन रोगी होणे, ह्या दोन गोष्टी एकमेकींस विरोधी नाहीत.

दुसरी सावधगिरी भाजक संख्येची व निवासाची. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. तिची हद्द बृहन्मुंबईची आहे, आणि अशा नोंदणीत रोगी कोठे उपचार घेतो हे न पाहता तो कोठे राहतो हे पाहिले जाते. डोंबिवलीचा रहिवासी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखल झाला तर त्या रुग्णालयाच्या दप्तरात तो येईल, पण मुंबईच्या प्रमाणात मोजला जाणार नाही. उलट कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय ह्यांच्याच कागदांवरून ह्या परिसराचे प्रमाण काढू पाहणाऱ्यास, मुंबईस गेलेले रोगी दिसणार नाहीत. शिवाय कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीतून २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. त्यामुळे २०११ चा आकडा आजच्या हद्दीस जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्या रोगाची एकूण संख्याच दोन-चार असावयाची, त्यात एका रोग्याची चूकही प्रमाण दुप्पट किंवा निम्मे करू शकते.

ओळख आणि चुकीची किंमत

ह्या परिसरात रोगाच्या ओळखीत अडचणी कोणत्या येतील हे पाहणे हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रांत दिसणारा जांभळा रंग गोऱ्या त्वचेवरचा असतो. सावळ्या त्वचेवर तोच डाग गडद तपकिरी किंवा काळसर दिसतो आणि सहज दुर्लक्षिला जातो. अशा वेळी टाळूची तपासणी उपयोगी पडते.

त्वचेवर अनेक गाठी असलेला रोगी समोर आला की कोकणपट्टीतील वैद्याच्या मनात प्रथम कुष्ठरोग यावा, हे अनुभवास धरूनच आहे. मात्र कुष्ठरोगात येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियांवर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड दिले जाते, आणि स्टेरॉइडने कापोसी सार्कोमा बळावतो. म्हणजे निदान चुकले तर उपचार केवळ निष्फळ न ठरता रोगास पोषक ठरतो. फुप्फुसांतील रोगाची गत अशीच आहे : खोकला, थुंकीतून रक्त आणि क्ष-किरण चित्रातील छाया एचआयव्हीबाधित रोग्यात आढळल्या की क्षय मानला जातो, आणि बहुधा तो असतोही, परंतु क्षयाच्या औषधांनी फरक न पडल्यास दुसरा विचार मनात येणे आवश्यक आहे. बार्टोनेला जंतूंमुळे होणाऱ्या वाहिनीमय गाठी आणि पायातील नीलांच्या विकारामुळे येणारे काळपट चट्टे हीदेखील फसवणारी साम्ये होत. त्यांपैकी बार्टोनेलाचा विकार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो, म्हणून उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते.

ह्या सर्वांतून मार्ग एकच : गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा, म्हणजे बायॉप्सी. चातीच्या आकाराच्या पेशींच्या केंद्रकांत लाना प्रथिन रंजनाने दाखवता आले तर शंकेस जागा उरत नाही.

निदान झाल्यावर हाती असलेले उपाय निराशाजनक नाहीत. शासकीय केंद्रांतून एचआयव्हीविरोधी औषधे विनामूल्य देण्याचा कार्यक्रम भारतात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला आणि २०१७ पासून संसर्ग आढळताच, प्रतिकारक पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. रोग त्वचेपुरता मर्यादित असताना पुष्कळदा एवढ्याच औषधांनी तो ओसरतो. तो पसरला असल्यास त्यांच्या जोडीस लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल द्यावे लागते. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत, प्रतिकारशक्ती सावरत असतानाच, गाठी एकाएकी वाढल्यासारख्या दिसू शकतात. त्यामुळे औषध बंद न करता रोग्यावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. इंद्रियरोपण झालेल्या रोग्याच्या बाबतीत औषधयोजनेतील बदल हाच पहिला उपचार होय.

भवितव्याची दिशा

एचआयव्हीवरील औषधोपचार जसजसा सार्वत्रिक होईल तसतसा चौथा प्रकार आणखी विरळ होणे स्वाभाविक आहे. ह्याउलट मूत्रपिंडरोपण झालेले आणि इतर विकारांसाठी दीर्घकाळ प्रतिकारशामक औषधे घेणारे रोगी वाढत आहेत. तेव्हा तिसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. अशा रोग्याच्या इतिवृत्तात त्याचे किंवा इंद्रियदात्याचे बालपण कोणत्या प्रदेशात गेले हा प्रश्न अस्थानी नाही, कारण विषाणूच्या वस्तीचा नकाशा आणि माणसाच्या प्रवासाचा नकाशा हे दोन्ही एकत्र वाचल्यावाचून रोगाचा उगम कळत नाही. रक्ताच्या चाचणीस जोडलेले सामाजिक लांच्छन लक्षात घेता, संमती आणि गोपनीयता ह्यांविषयी २०१७ च्या एचआयव्ही-एड्स अधिनियमाने घातलेली बंधने अभ्यासकासही तितकीच लागू आहेत.

ह्या रोगाची येथील विरळता हा निष्काळजीपणास परवाना नव्हे. पूर्वी तिनेच एका विषाणूकडे बोट दाखविले. आज ती वैद्यापुढे एक साधे कर्तव्य ठेवते. उपचाराने न बदलणारी, काळसर, वेदनारहित गाठ पुन्हा एकदा पाहावी, टाळू तपासावी, आणि स्टेरॉइड लिहून देण्यापूर्वी बायॉप्सी करावी. नोंद झालेला प्रत्येक रोगी, निवासाच्या पत्त्यासह आणि ऊतकाच्या पुराव्यासह जतन केला गेला, तर ह्या परिसरातील प्रमाणाविषयी आज ज्या ठिकाणी अनुमान करावे लागते तेथे काही वर्षांनी मोजमाप करता येईल.